आजोबांचं 'जेन दोब्री' आणि आमचे पोलंडमधले अकरा दिवस

युरोप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली हे ठरलेलं असतं. त्यामुळे आम्ही पोलंडला चाललोय म्हटल्यावर प्रत्येकाचा एकच प्रश्न, "तिथं काय आहे?" परत आल्यावरही तोच प्रश्न, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

माझ्यासाठी मात्र पोलंड हे नाव अगदी घरातलं. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या बाजूचे. ते नऊ-दहा वर्षांचे असताना तिथं पोलिश लोकांचा कॅम्प होता, आणि ते त्यांच्या वडिलांबरोबर रोज सकाळी बैलगाडीतून तिथं दूध घालायला जायचे. १९४३ ते १९४८ या काळात साधारण पाच हजार पोलिश माणसं तिथं राहत होती, जास्त करून बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बराकी, शाळा, चर्च, नाटकाचं स्टेज, सगळं होतं. आजोबा सांगायचे की दूधवाले, भाजीवाले, दुकानदार सगळे थोडं थोडं पोलिश बोलायला शिकले होते. त्यांना शेवटपर्यंत दोन शब्द आठवत होते, 'जेन दोब्री' म्हणजे नमस्कार आणि 'जेंकुये' म्हणजे आभारी आहे. आम्ही नातवंडं घरात आलो की ते दारातच "जेन दोब्री!" म्हणायचे, आणि आम्हाला बरीच वर्षं तो कोल्हापुरीच शब्द वाटायचा.

ही माणसं इतक्या लांब आली कशी हे मला मोठेपणी कळलं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर हल्ला करून देश वाटून घेतला. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना रशियाने घरातून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवलं. मग १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला तेव्हा त्यातल्या अनेकांची सुटका झाली, पुरुष जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्यात गेले, आणि बायका-मुलं इराणमार्गे बाहेर पडून कुणी आफ्रिकेत, कुणी भारतात पोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतलं ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, पण त्याहून कितीतरी मोठी वसाहत आपल्या कोल्हापूरजवळ होती हे आपल्याच लोकांना माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढे ती माणसं गेल्यावर त्याच जागी फाळणीत आलेले सिंधी लोक राहायला आले, आज कापडासाठी आपण जातो ते गांधीनगर तेच. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचं स्मारक आहे, पुढच्या वेळी गेलात तर नक्की बघा.

तर आजोबा गेल्यावर आईच्या मनात होतं की एकदा तो देश बघायचा. आई, मी, नवरा आणि आमची अकरा वर्षांची मनू, असे चौघं गेल्या सप्टेंबरात गेलो.

आधी कामाचं सांगते. पोलंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांच्या गटात) आहे, म्हणजे शेंगेन व्हिसा लागतो, फी मोठ्या माणसाला ९० युरो, आणि ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपल्सरी. पण चलन युरो नाही! त्यांचं स्वतःचं चलन आहे, आपण वाचतो झ्लॉटी, ते म्हणतात झ्वोती, ढोबळ हिशोबाला एक झ्वोती म्हणजे वीस-पंचवीस रुपये धरा. कार्ड सगळीकडे चालतं, अगदी छोट्या बेकरीतसुद्धा. हॉटेल, जेवण, ट्रेन सगळं पॅरिस किंवा झुरिकपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त. सप्टेंबर मस्त, दिवसा जॅकेट काढावंसं वाटतं आणि संध्याकाळी परत घालावं लागतं. एक लक्षात ठेवा, रविवारी बहुतेक सुपरमार्केट आणि मॉल बंद असतात, तसा कायदाच आहे तिथं, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा. आणि ट्रामचं कागदी तिकीट घेतलं की आत चढल्यावर मशीनमध्ये पंच करायचं, नुसतं खिशात ठेवून चालत नाही.

आम्ही सुरुवात क्राकूव्हपासून केली (इंग्रजीत क्राको लिहितात, तिथली माणसं क्राकुफ म्हणतात). हे शहर युद्धात वाचलं, म्हणून जुनं पोलंड कसं होतं हे इथं दिसतं. शहराच्या मधोमध एक प्रचंड मोठा चौक आहे, रिनेक, एकेक बाजू साधारण २०० मीटर, तेराव्या शतकात आखलेला. मध्ये कापडबाजाराची लांबच लांब इमारत, सुकिएन्नित्से, एका कोपऱ्यात विटांचं सेंट मेरीचं चर्च. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी तिथं पोचलो तर वरच्या बुरुजावरून कुणीतरी तुतारी वाजवायला लागलं. छान सूर चालू होता आणि एकदम मध्येच तुटला. मनू म्हणाली, "आई, ते विसरले का पुढचं?" नाही, तो तसाच वाजवतात. दर तासाला, दिवस-रात्र, चारी दिशांना एकेकदा. त्याला हेयनाऊ म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की तातार (मंगोल) सैन्य चालून आलं तेव्हा बुरुजावरच्या पहारेकऱ्याने तुतारी फुंकून गावाला जागं केलं आणि वाजवता वाजवताच त्याच्या गळ्यात बाण लागला, म्हणून सूर जिथं थांबला तिथंच आजही थांबवायचा. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून कुणी सांगत नाही, पण वाजवणारी माणसं खरी आहेत, क्राकूव्हच्या अग्निशमन दलातली. दुपारी बाराची तुतारी १९२७ पासून रेडिओवरून सगळ्या देशाला ऐकवतात. पुढचे चार दिवस आम्ही जिथं असू तिथं थांबून ऐकायचो, आणि वाजवणारा शेवटी खिडकीतून हात हलवतो तेव्हा मनू खालून दोन्ही हात हलवायची.

त्या चर्चच्या आत फाइट श्टॉस नावाच्या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या बारा वर्षांत केलेली लाकडाची वेदी आहे, लाकूड आहे यावर विश्वास बसत नाही इतके चेहरे आणि हात जिवंत. बाराच्या जरा आधी ती उघडतात तेव्हा आत असा. युद्धात जर्मनांनी ती उचलून जर्मनीला नेली होती, युद्धानंतर ती शोधून परत आणली. असं 'नेलं आणि परत आणलं' हे वाक्य पोलंडमध्ये पावलोपावली ऐकू येतं. लिओनार्दो दा विंचीचं 'लेडी विथ अॅन अर्मिन' हे चित्रसुद्धा तसंच, नाझींनी नेलेलं, परत आलेलं, आणि आता क्राकूव्हच्या चार्तोरिस्की म्युझियममध्ये आहे. मोनालिसासमोर जी गर्दी असते त्यातलं काहीच इथं नव्हतं, आम्ही दहा मिनिटं अगदी समोर उभं राहून बघितलं. लिओनार्दोची बायकांची पोर्ट्रेट मोजून चारच आहेत म्हणतात, त्यातलं हे एक, हे एवढ्यासाठीच सांगतेय की कुणी वगळू नये.

वावेलचा किल्ला-राजवाडा नदीकाठी टेकडीवर आहे, राजांचे राज्याभिषेक तिथंच व्हायचे. खाली विस्वा नदीच्या काठावर ड्रॅगनचा पुतळा आहे, त्याच्या तोंडातून मधून मधून खरी आग निघते. लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळ तिथंच जाते.

व्येलिच्काची मिठाची खाण क्राकूव्हपासून अर्ध्या तासावर. तेराव्या शतकापासून चालू होती, १९९६ मध्ये मीठ काढणं थांबलं. आत उतरायला सुरुवातीलाच साधारण ३८० लाकडी पायऱ्या आहेत, एकूण पायऱ्या आठशेच्या वर, चालायचं तीनेक किलोमीटर, वर यायला लिफ्ट. आईचे गुडघे दुखतात म्हणून मला काळजी होती, पण बहुतेक पायऱ्या उतरायच्या असतात आणि ग्रुप मधून मधून थांबतो, त्यामुळे ती हळूहळू पूर्ण उतरली. मीठ म्हणजे पांढरं अशी आपली कल्पना, इथं ते करड्या-हिरवट दगडासारखं दिसतं. आणि मग जमिनीखाली १०१ मीटरवर एकदम सेंट किंगाचं चर्च समोर येतं. फरशी मिठाची, भिंतीवरची कोरीव चित्रं मिठाची, झुंबरांचे लोलक मिठाच्या स्फटिकांचे. १८९६ पासून पुढची जवळजवळ सत्तर वर्षं तीन खाणकामगारांनी हे कोरलं, कुठल्या आर्ट स्कूलमध्ये न शिकलेल्या माणसांनी. आईला एकदम आपली वेरूळची लेणी आठवली. ती भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती.

आता आउशवित्झबद्दल, म्हणजे नाझींच्या छळछावणीबद्दल. क्राकूव्हपासून एक-सव्वा तासावर, ओश्व्हियेन्चिम हे गावाचं पोलिश नाव. १९४० ते १९४५ मध्ये इथं साधारण ११ लाख माणसं मारली गेली, त्यातली जवळजवळ दहा लाख ज्यू होती, बाकी पोलिश, रोमा (जिप्सी), सोव्हिएत युद्धकैदी. म्युझियमच सांगतं की १४ वर्षांखालच्या मुलांना आणू नका, म्हणून मनू आणि नवरा क्राकूव्हलाच थांबले, आई आणि मी गेलो. एंट्रीचा टाइम आधीच ऑनलाइन बुक करावा लागतो, गाइड घ्याच, मोठी बॅग आत नेता येत नाही, साडेतीन-चार तास लागतात. एका खोलीत काचेमागे सूटकेसांचा ढीग आहे, प्रत्येकीवर मालकाने खडूने, रंगाने मोठ्या अक्षरात नाव आणि पत्ता लिहिलेला, कारण त्यांना सांगितलं होतं की सामान नंतर परत मिळेल. त्या खोलीनंतर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. आउशवित्झ बघून मग तिथून बसने बिर्केनाऊला, म्हणजे छावणीच्या दुसऱ्या, मोठ्या भागात नेतात, तिथं नुसते रेल्वेचे रूळ आणि क्षितिजापर्यंत बराकींची धुराडी. तिथं कृपा करून सेल्फी काढू नका. आणि त्या दिवशी दुसरा काहीही प्रोग्रॅम ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही काझिमिएश या जुन्या ज्यू वस्तीत फिरलो आणि नदीपलीकडे पोडगुझेला गेलो, तिथं युद्धात घेट्टो होती, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती. त्या चौकात आता रिकाम्या धातूच्या खुर्च्या ठेवल्यात, बाकी काही नाही. घरं रिकामी करताना लोकांचं फर्निचर रस्त्यावर पडलं होतं त्याची ती आठवण. चौकाच्या कोपऱ्यावरच एक औषधाचं दुकान आहे, तादेउश पांकिएविच नावाचा पोलिश फार्मासिस्ट घेट्टो झाल्यावरही दुकान सोडून गेला नाही, तिथल्या लोकांना औषधं देत राहिला. आता म्युझियम आहे, छोटंसं, ड्रॉवर उघडून बघायचे. ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन उद्योजकाच्या फॅक्टरीतलं मोठं म्युझियम जवळच आहे पण मला हे दुकान जास्त लक्षात राहिलं.

मग दोन दिवस झकोपाने. बसने दोन-अडीच तास, तात्रा पर्वतांच्या पायथ्याशी. लाकडी घरं, उताराची छपरं, आणि रस्त्यावर शेगडीवर भाजलेलं ऑस्त्सिपेक, म्हणजे मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, वर क्रॅनबेरीचा जॅम. आमच्या शाकाहारी आईने चार खाल्ले! गुबाउव्का टेकडीवर जायला फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) आहे, वरून पूर्ण डोंगररांग दिसते, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ते बेस्ट. मोर्स्किए ओको तलावापर्यंत मात्र साधारण नऊ किलोमीटर चढाचा डांबरी रस्ता आहे, मी आणि मनू चालत गेलो, पाणी हिरवं-निळं, तिन्ही बाजूंनी कडे, आणि समोरच पोलंडचं सगळ्यात उंच शिखर रिसी, २४९९ मीटर. सकाळी लवकर निघा, अकरानंतर जत्रा असते.

खाण्याचं विचाराल तर घाबरायचं कारण नाही. पिएरोगी म्हणजे आपल्या उकडीच्या करंज्या समजा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज, किंवा कोबी-मशरूम, किंवा गोड ब्लूबेरी. 'रुस्किए' म्हणा, ते बटाट्याचं. पण वर कधी कधी तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, म्हणून शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा. 'प्लात्स्की' म्हणजे किसलेल्या बटाट्याची थालीपिठं, उपासाच्या थालीपिठासारखीच पण वर आंबट क्रीम. काकडीचं मिठातलं लोणचं सगळ्याबरोबर. आणि 'बार म्लेच्नी' नक्की शोधा, शब्दशः दुधाचा बार, म्हणजे कम्युनिस्ट काळात लोकांना स्वस्त जेवण मिळावं म्हणून चालवलेल्या खानावळी, काही अजून सुरू आहेत. काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, जेवून ताट परत खिडकीत ठेवायचं. शेजारी पेन्शनर आजी-आजोबा सूप पीत असतात. मी तिथं एका काकूंना 'जेन दोब्री' म्हटलं तर त्या थांबल्या, हसल्या आणि मग पोलिशमध्ये जे सुरू झाल्या! मला एक अक्षर कळलं नाही, पण ताटात एक पिएरोग जास्त आला.

ग्दान्स्क उत्तरेला बाल्टिक समुद्रावर, आम्ही तिथं एकच दिवस होतो त्यामुळे जास्त लिहित नाही. दुसरं महायुद्ध तिथल्या वेस्टरप्लाटेवर १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झालं, आणि १९८० मध्ये तिथल्याच जहाजाच्या कारखान्यात संप होऊन सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना जन्मली, तिचे नेते लेख वावेन्सा तिथलेच इलेक्ट्रिशियन. अंबरचे, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या राळेचे दागिने घ्यायचे तर इथं, पण पक्क्या दुकानातून.

शेवटचे तीन दिवस वॉर्सा. आमच्या ओळखीच्या एकांनी सांगितलं होतं की वॉर्सात काही नाही, एका दिवसात उरकतं. मला हे अजिबात पटत नाही. वॉर्साचं ओल्ड टाउन बघताना पहिल्यांदा वाटतं की रंगीत जुनी घरं, दगडी रस्ते, चौकात जलपरीचा पुतळा, युरोपात असतं तसंच. आणि मग कळतं की यातलं जवळजवळ एकही घर ऐंशी वर्षांहून जुनं नाही! १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, ६३ दिवस लढले, दीड लाखाच्या वर सामान्य माणसं मेली, आणि उठाव मोडल्यावर जर्मनांनी उरलेलं शहर एकेक घर करून जाळलं, सुरुंग लावून उडवलं. युद्ध संपलं तेव्हा जवळजवळ ८५ टक्के शहर नुसता ढिगारा होता. लोक परत आले आणि त्यांनी तेच शहर, त्याच जागी, तसंच बांधलं. अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या चित्रकाराने वॉर्साचे रस्ते इतके बारकाईने रंगवले होते की ती चित्रं समोर ठेवून खिडक्या, कमानी केल्या. आर्किटेक्चरच्या लोकांनी युद्धात जीव धोक्यात घालून लपवलेली ड्रॉइंग्ज वापरली, ढिगाऱ्यातल्या विटा वापरल्या. १९८० मध्ये युनेस्कोने हे ओल्ड टाउन वारसायादीत घेतलं, जुनं आहे म्हणून नाही, परत उभं केलं म्हणून. बेलोत्तोची ती चित्रं रॉयल कॅसलमध्ये आहेत, आधी ती बघा आणि मग बाहेर रस्त्यावर या, ओळीने तीच घरं समोर दिसतात. माझ्या अंगावर काटा आला.

आजही दर १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता सायरन वाजतात आणि चालती माणसं, गाड्या, बस सगळे जिथल्या तिथं एक मिनिट थांबतात. आम्ही सप्टेंबरात होतो, पण उठावाचं म्युझियम बघितलं, त्याला अर्धा दिवस ठेवा.

रविवारी दुपारी वाझेन्की पार्कात गेलो. मे ते सप्टेंबर दर रविवारी बारा आणि चार वाजता पोलंडचा प्रसिद्ध संगीतकार शोपँच्या पुतळ्याशी पियानोची कॉन्सर्ट असते, फुकट, लोक चादर टाकून हिरवळीवर बसतात. शोपँचं शरीर पॅरिसला पुरलंय, पण हृदय वॉर्सात आणलं, होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे. आईने ते मुद्दाम जाऊन बघितलं.

आणि मग ज्यासाठी आलो होतो ते. क्राशिन्स्की गार्डनच्या बाजूला मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. इटलीत १९४४ मध्ये या लढाईत शेवटी तिथला मठ काबीज केला तो आंदर्स यांच्या सैन्याने, म्हणजे सैबेरियातून सुटून आलेले तेच पुरुष, ज्यांच्यातल्या कित्येकांच्या बायका-मुलं तेव्हा वळिवड्यात होती. (त्याच इटलीत आपले मराठे पण लढत होते, नाईक यशवंत घाडगेंना त्याच वर्षी तिथं व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.) आणि वळिवड्याच्या कॅम्पची स्मृतिफलक-शिळा या स्मारकाजवळ लावलीये. आम्हाला ती सापडायला दोन चकरा माराव्या लागल्या, मोठी नाहीये, झाडांच्या बाजूला आहे. मनूलाच आधी दिसली, ती ओरडली, "आज्जी, कोल्हापूर लिहिलंय!"

आई जवळ गेली. तिने पर्समधून आजोबांचा छोटा फोटो काढला, पासपोर्ट साइजचा, फेट्यातला. मला वाटलं ती तिथं ठेवणार, पण नाही, तिने फक्त तो हातात धरला आणि 'कोल्हापूर' या अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "दादा सांगायचे, त्यांच्यातली एक बाई रोज दूध घेताना रडायची, हिचं घर कुठं गेलं म्हणून विचारायला आपल्याला भाषा येत नव्हती." युद्धानंतर पूर्व पोलंड रशियाकडे गेला, त्यामुळे त्यातल्या बहुतेकांचं गाव पोलंडमध्ये उरलंच नव्हतं, वळिवड्याहून कुणी इंग्लंडला गेलं, कुणी पुढे ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. ती दूध घेणारी बाई कुठं गेली असेल कोण जाणे.

मागून एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत चालले होते, आम्हाला बघून जरा थांबले. आईने वळून त्यांना हात जोडले आणि म्हणाली, "जेन दोब्री." त्यांनी टोपी काढली.